स्थिर म्हणण्याआधी

आमच्या घरात ‘रोटर’ हा शब्द तवा-परातीइतकाच रोजच्या वापरातला होता. बाबा गणेशगुडीला, सुपा धरणाच्या पायथ्याशी असलेल्या वीजघरात कामाला होते. “एक नंबरचा रोटर बाहेर काढलाय,” असं ते म्हणाले की आई समजायची, आता आठवडाभर जेवायला उशीर. मी तिसरी-चौथीत असताना त्यांनी एकदा मला आत नेलं. मला वाटलं होतं, मोठं चाक गरगर फिरताना दिसेल, पाणी उसळताना दिसेल. दिसलं काहीच नाही. स्वच्छ पुसलेली फरशी, लोखंडी आवरणं, आणि सगळीकडे भरून राहिलेला एक संथ, खोल आवाज. बाबांनी माझा तळहात कठड्यावर टेकवला. कठडा थरथरत होता. “फिरतंय ते आत आहे बाय. डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळतं.” मग त्यांनी खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला, त्याचं टोक बेअरिंगच्या आवरणाला लावलं आणि मुठीला कान लावून डोळे मिटले. डॉक्टर छाती तपासतो तसे ते यंत्र तपासायचे.

जोयडा तालुक्यातली आमची ही जागा ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. काळी नदी याच तालुक्यात डिग्गीच्या बाजूला उगम पावते आणि कारवारजवळ समुद्राला मिळते. तिच्यावरचं सुपा धरण १०१ मीटर उंच आहे. पायथ्याशी ५० मेगावॉटचे दोन संच आहेत. ज्या गावावरून धरणाला आणि पूर्वी अख्ख्या तालुक्याला नाव पडलं, ते जुनं सुपा गाव पाण्याखाली गेलं. माझं आजोळ त्याच गावातलं. आजोळची माणसं रामनगरला येऊन वसली. कडक उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की जुन्या गावाचे अवशेष वर दिसतात, आणि आई त्या दिवसांत गप्प असायची. वीज कुठून येते आणि तिच्यासाठी कुणी काय दिलं, हे आम्हाला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

पुढे मी रसायनशास्त्र घेतलं, धारवाडला एम.एस्सी. केलं आणि बंगळुरूच्या एका संशोधन संस्थेत एनएमआर यंत्रावर तांत्रिक अधिकारी म्हणून लागले. बावीस वर्षं तेच काम केलं. योगायोग असा की त्या कामातही रोज एक रोटरच हाताळावा लागे. बाबांचा रोटर उचलायला क्रेन लागायची, माझा चिमटीत मावायचा.

दवाखान्यातलं एमआरआय यंत्र ज्या तत्त्वावर चालतं, त्याच तत्त्वावर एनएमआर चालतं. प्रबळ चुंबकक्षेत्रात अणूंच्या केंद्रकांना रेडिओलहरींनी छेडायचं आणि ती जे उत्तर देतात ते ऐकायचं. द्रव पदार्थाचं उत्तर सुईच्या टोकासारखं बारीक येतं, कारण द्रवात रेणू सतत गडबडा लोळत असतात आणि प्रत्येक दिशेचा परिणाम आपोआप पुसला जातो. घन पदार्थाचं उत्तर पसरट, ढेपाळलेलं येतं. त्यावर तोड निघाली ती १९५८-५९ च्या सुमारास. ब्रिटनमध्ये अँड्र्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि अमेरिकेत लोव यांनी दाखवलं की घन नमुना चुंबकक्षेत्राशी ५४.७ अंशांचा कोन करून फार वेगानं फिरवला तर त्याचं उत्तरही बारीक होतं. या कोनाला नाव पडलं ‘मॅजिक अँगल’.

आमचा रोटर म्हणजे झिर्कोनियाची, चार मिलिमीटर व्यासाची पांढरी नळी. नमुन्याची पूड तिच्यात थोडी थोडी घालत लहानशा दांड्यानं दाबायची, वर पंखाच्या पाकळ्या असलेलं टोपण बसवायचं आणि नळी यंत्रात सोडायची. आत तिला धातूचं बेअरिंग नसतं. हवेच्या झोतावर ती तरंगते आणि हवेच्याच दुसऱ्या झोतानं फिरते, सेकंदाला दहा हजार फेरे. हिशेब केला तर तिचा पृष्ठभाग ताशी साडेचारशे किलोमीटरच्या वेगानं धावत असतो, आणि कडेच्या कणावर त्याच्या वजनाच्या आठ लाख पट ओढ असते. पूड एका बाजूला जास्त दाबली गेली किंवा टोपण केसभर तिरकं बसलं की संपलं. पहिल्याच वर्षी माझ्या हातून एक रोटर फुटला. तडकल्यासारखा आवाज झाला, आत झिर्कोनियाचा चुरा, नमुना सगळीकडे उडालेला, आणि यंत्र अनेक दिवस बंद. त्यानंतर मी बाबांसारखं ऐकायला शिकले. वेग चढत जातो तशी नळीची शीळ बारीक होत जाते. शीळ एकसुरी असेल तर सगळं ठीक. तिच्यात किंचितही कंप आला तर पडद्यावरचा आकडा काहीही म्हणो, मी हवा कमी करत असे.

निवृत्त झाल्यावर बाबा एकदा बंगळुरूला आले. घड्याळ, किल्ल्या, पाकीट बाहेर ठेवायला लावून मी त्यांना चुंबकाच्या खोलीत नेलं आणि तळहातावर माझा रोटर ठेवला. त्यांनी तो उजेडात धरला, फिरवून पाहिला. हसतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी नेमका प्रश्न विचारला, “बॅलन्स कसा करता?” पूड कशी भरतात ते मी सांगितलं. हवेच्या बेअरिंगचं ऐकून ते खूश झाले. मग विचारलं, “आणि ही आत भरलेली पूड? ती काय करते?”

मी म्हणाले, “ती काय करणार? घन पदार्थ आहे. ती स्थिर असते, आपण तिला फिरवतो.”

हे उत्तर चुकीचं होतं. त्या दिवशी नळीत ॲडमँटेन होतं.

ॲडमँटेन हा साखरेसारखा दिसणारा पांढरा स्फटिकी पदार्थ. घन पदार्थांच्या एनएमआरचं काम सुरू करताना यंत्र जुळवून घ्यायला तोच वापरतात. कोन नीट आहे का हे पोटॅशियम ब्रोमाइडनं बघायचं, चुंबकक्षेत्र सारखं आहे का आणि मोजपट्टीचा शून्य कुठे धरायचा हे ॲडमँटेननं. जगभरच्या प्रयोगशाळांत असंच चालतं, कारण ॲडमँटेनच्या रेषा घन पदार्थाच्या मानानं विलक्षण बारीक येतात. त्या बारीक येतात, कारण त्याचे रेणू आपापल्या जागी बसून सगळ्या दिशांना फिरत असतात, सेकंदाला अब्जावधी वेळा. माझा दहा हजार फेऱ्यांचा रोटर त्या वेगापुढे रांगणारं मूल होता. एम.एस्सी.त हे मी वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. रोज सकाळी त्या फिरण्याच्याच आधारावर यंत्र लावत होते. आणि बाबांनी साध्या शब्दांत विचारल्यावर तोंडातून निघालं, “स्थिर असते.”

ही चूक माझ्या लक्षात यायला आणखी दोन वर्षं जावी लागली. एक विद्यार्थिनी नवा स्फटिक घेऊन आली. तिचा रेणू लहान मुलांच्या गाडीच्या आसासारखा होता. दोन्ही टोकांना जाडजूड, गुंतागुंतीचे गट, मध्ये सरळ दांडी, आणि दांडीच्या मधोमध बेन्झीनचं एक सपाट षटकोनी कडं. टोकांचे गट एकमेकांत अडकून स्फटिकाची चौकट पक्की धरून ठेवतील आणि त्यांच्या आडोशानं मधल्या कड्याला फिरायला मोकळी जागा राहील, असा बेत. या विचाराला बळ दिलं ते लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मिगेल गार्सिया-गॅरिबाय यांच्या गटानं. २००२ पासून त्यांनी असे ‘रेणवीय जायरोस्कोप’ तयार करून त्यांच्या स्फटिकांतली हालचाल मोजायला सुरुवात केली होती.

मुलीनं क्ष-किरणांनी रचना काढून आणली होती. चित्र सुरेख होतं, कड्याचा एकेक अणू जागच्या जागी. तिचे मार्गदर्शक नाराज होते, कारण चित्रात कुठेही हालचालीचा पुसटपणा नव्हता. तिनं कड्यावरच्या हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम बसवून घेतलं होतं, कारण ड्यूटेरियमचं एनएमआर हालचाल नेमकी सांगतं. हा नमुना गरगर फिरवायचा नसतो, स्वस्थ ठेवूनच ऐकायचं असतं. अणू हलत नसेल तर पडद्यावर दोन शिंगं असलेला रुंद आकार दिसतो. कडं फिरू लागलं की तो आकार बदलतो, आणि बदलाच्या तऱ्हेवरून ते कसं आणि किती वेगानं फिरतंय हे काढता येतं.

खोलीच्या तापमानाला मी मोजलं. दोन शिंगं, स्वच्छ, जागच्या जागी. मी तिला सांगितलं, “हलत नाही गं.” ती गेली नाही. म्हणाली, “मॅडम, थोडं गरम करून बघू या?” मला खरं तर घरी जायचं होतं. पण बसले. वीस वीस अंशांनी तापमान चढवत गेलो. प्रत्येक पायरीला तापमान ठरायला वेळ द्यायचा, मग तासन्‌तास संकेत साठवायचा. मध्यरात्र उलटल्यावर शंभर अंशांच्या आसपास शिंगांच्या मधला भाग वर उचलला गेला. पहाटे आकार पुरता बदललेला होता. कडं फिरत होतं. तेही पूर्ण गोल नाही, अर्ध्या फेऱ्यानं, टपकन उलटत. आणि वरच्या तापमानांवरून खाली हिशेब करत आलो तर खोलीच्या तापमानालासुद्धा ते सेकंदाला शेकड्यांनी उलटत असणार, हे स्पष्ट झालं. मी ज्याला “हलत नाही” म्हटलं होतं ते मोजतानाही हलत होतं. ड्यूटेरियमच्या या प्रयोगाला साधारणपणे सेकंदाला दहा हजारांपेक्षा कमी वेळा होणारी हालचाल जाणवत नाही, इतकाच त्याचा अर्थ होता. दोष माझ्या घड्याळाचा होता आणि निकाल मी कड्यावर लावला होता.

मग क्ष-किरणांना ते का दिसलं नाही? दोन्ही बाजूंनी सारखाच असलेला लाकडी पाट रात्री कुणी उलट दिशेनं फिरवून ठेवला तर सकाळी आपल्याला कळत नाही. बेन्झीनचं कडं अर्ध्या फेऱ्यानंतर हुबेहूब पहिल्यासारखंच दिसतं. क्ष-किरणांचं चित्र म्हणजे अब्जावधी रेणूंची, कित्येक तासांची सरासरी. कडं हजारदा उलटलं तरी प्रत्येक वेळी त्याच जागी, त्याच ठेवणीत बसत असेल तर चित्रात ते ठार स्थिर दिसणार. चित्र खोटं नव्हतं. त्याला जो प्रश्न विचारलाच नव्हता त्याचं उत्तर मी त्यात वाचत होते.

त्या रात्रीनंतर मी या विषयाचा इतिहास धरून वाचायला लागले आणि लक्षात आलं की आपल्या आधीच्या मोठ्या माणसांनी ही शंका फार पूर्वीच घेतली होती. १९३० मध्ये लायनस पॉलिंग यांनी ‘स्फटिकांतल्या रेणूंचं फिरणं’ या विषयावर निबंध लिहिला आणि काही स्फटिकांत रेणू खरोखरच फिरत असले पाहिजेत असं मांडलं. पुढे एनएमआर आलं. १९५३ मध्ये अँड्र्यू आणि ईड्स यांनी गोठलेलं बेन्झीन तपासलं. बेन्झीन वितळतं ते साडेपाच अंश सेल्सिअसला. पण शून्याखाली १८३ ते १५३ अंशांच्या दरम्यानच त्याची पसरट रेषा एकाएकी अरुंद झाली. म्हणजे वितळायला दीडशेहून जास्त अंश बाकी असतानाच, दगडासारख्या गोठलेल्या बेन्झीनमध्ये प्रत्येक षटकोनी कडं आपल्या आसाभोवती फिरू लागलं होतं. आपल्याकडे एनएमआर रुजवलं ते एस. एस. धर्मट्टी यांनी. १९५१ मध्ये स्टॅनफर्डला अर्नोल्ड आणि पॅकार्ड यांच्याबरोबर त्यांनी साध्या अल्कोहोलच्या एकाच रेणूतले तीन प्रकारचे हायड्रोजन वेगवेगळे दाखवले, आणि परत येऊन मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हे काम उभं केलं. मी ज्या यंत्रावर पोट भरत होते त्याची भारतातली वाट त्यांच्या हातची होती.

त्या वर्षी गणपतीला घरी आले तेव्हा बाबांना म्हणाले, “मागे तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं.” आरती नुकतीच झाली होती. तबकात कापूर उरला होता. मला त्याहून चांगलं उदाहरण शोधून सापडलं नसतं, कारण कापूर ॲडमँटेनच्याच जातीचा आहे. त्याचा रेणू गोलसर, मूठ मिटल्यासारखा. गोलसर रेणू एकमेकांत अडकत नाहीत, शेजारी बसूनही त्यांना वळायला जागा राहते. कापराच्या वडीत रेणूंच्या जागा ठरलेल्या असतात, रांगा नीट असतात, म्हणून तो स्फटिक. पण त्या जागांवर बसलेले रेणू सतत दिशा बदलत असतात. शून्याखाली जवळपास तीस अंशांपर्यंत थंड केल्यावरच त्यांचं हे फिरणं आवरतं. बेल्जियमचे रसायनशास्त्रज्ञ टिमरमान्स यांनी १९३०च्या दशकात अशा पदार्थांचा गट वेगळा ओळखला आणि त्यांना ‘प्लास्टिक क्रिस्टल’ म्हटलं, कारण ते मेणासारखे दबतात.

आजीला हे हाताला माहीत होतं. ती खलात कापूर कुटायला बसली की करवादायची, कारण तो फुटायचा नाही, चिकटून बसायचा. खडीसाखर टाणकन फुटते, कापूर दबतो. जुने औषधी दुकानदार कापराची पूड करताना स्पिरिटचे चार थेंब टाकतात ते याचसाठी.

आणि माझीही एक जुनी थकबाकी इथे निघाली. बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात आम्ही ‘रास्टची पद्धत’ करत असू. एखाद्या पदार्थाचा रेणुभार काढायला तो कापरात मिसळायचा आणि कापराचा वितळणबिंदू किती उतरला ते बघायचं. कार्ल रास्ट यांनी १९२२ मध्ये ही युक्ती दिली. कापूर इतका सोयीचा, की पाण्याचा गोठणबिंदू जितक्या मिसळीनं १.८६ अंश उतरतो तितक्याच मिसळीनं कापराचा जवळपास ४० अंश उतरतो. साधा थर्मामीटर पुरतो. मी हा ४० चा आकडा पाठ करून गुण मिळवले, पण तो एवढा मोठा का, हे कधी विचारलं नाही. कारण हेच होतं. साधा स्फटिक वितळताना दोन शिस्ती मोडाव्या लागतात, जागेची आणि दिशेची. कापराची दिशेची शिस्त आधीच मोडलेली असते, म्हणून वितळायला त्याला फार थोडी उष्णता लागते, आणि म्हणूनच थोडीशी भेसळही त्याचा वितळणबिंदू खूप खाली ओढते. डांबरगोळीतल्या नॅप्थलीनशी ताडून पाहा. नॅप्थलीनचे रेणू चपटे, पानांसारखे रचलेले. कोलकात्यात केदारेश्वर बॅनर्जी यांनी क्ष-किरणांनी त्याची रचना उलगडली, तीही १९३० मध्येच. नॅप्थलीन ८० अंशांना वितळतं आणि २१८ ला उकळतं. कापूर १७५ च्या पुढे जाईपर्यंत घनच राहतो आणि २०५ च्या सुमारास उकळतो. द्रव म्हणून त्याला उणेपुरे तीस अंश मिळतात. ज्याला घन असतानाच फिरायला मिळतं तो द्रव व्हायची घाई करत नाही.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि वीजघरातल्या माणसाचा प्रश्न विचारला, “एवढं अब्जावधी वेळा फिरतंय, तर त्यातून वीज काढता येईल का?”

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात ते स्वतःच म्हणाले, “फिरतंय ते एकाच दिशेनं का?” नाही, मी म्हणाले. कधी इकडे, कधी तिकडे. उष्णतेनं जसा धक्का बसेल तसं. “मग नाही निघायची,” बाबा म्हणाले. “धरणाच्या दोन्ही अंगांना पाणी सारख्याच उंचीवर असेल तर कितीही हललं तरी टर्बाइन फिरत नाही. पाण्याला उतरायला जागा लागते.”

उष्मागतिकीचा दुसरा नियम मी अनेक व्याख्यानांत ऐकला आहे. इतक्या थोडक्यात तो मला दुसऱ्या कुणी सांगितला नाही. सगळीकडे तापमान सारखं असताना रेणूंच्या सैरावैरा फिरण्यातून काम काढता येत नाही. त्याला एका दिशेनं ढकलायचं तर बाहेरून काहीतरी उतरत यावं लागतं, उजेड, रासायनिक इंधन किंवा विजेचा दाब. बेन फेरिंगा यांची रेणवीय मोटर एकाच दिशेनं फिरते ती प्रकाशाच्या बळावर. त्यांना सोव्हाज आणि स्टॉडार्ट यांच्यासह २०१६ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

तरीही हे फिरणं निरुपयोगी नाही. २०१९ मध्ये संशोधकांनी दाखवलं की निओपेंटाइल ग्लायकॉल नावाचा स्वस्त प्लास्टिक क्रिस्टल दाबला की त्याच्या रेणूंचं फिरणं थांबतं आणि उष्णता बाहेर पडते. दाब काढला की रेणू पुन्हा फिरू लागतात आणि आजूबाजूची उष्णता ओढून घेतात. म्हणजे गळका वायू न वापरता थंडावा देणाऱ्या यंत्राची शक्यता. धातू आणि सेंद्रिय दांड्यांनी विणलेल्या पोकळ स्फटिकांना २०२५ चं नोबेल मिळालं. त्यांच्यात मुळातच मोकळी जागा असते, म्हणून रोटर बसवायला ते फार चांगले. २०१७ मध्ये गार्सिया-गॅरिबाय यांच्या गटानं अशा एका स्फटिकात खोलीच्या तापमानाला सेकंदाला ५० अब्ज फेरे मोजले. मिलानच्या कोमोत्ती आणि सोझ्झानी यांच्या गटानं २०२० मध्ये असा स्फटिक दाखवला की ज्यातला रोटर निरपेक्ष शून्यापासून जेमतेम दोन अंशांवरही अडत नाही. या सगळ्यांची कृती एकच. चौकट घट्ट हवी आणि आत मोकळी जागा हवी. चौकट सैल झाली तर स्फटिक ढासळतो, जागा उरली नाही तर रोटर जखडतो.

बाबा आता नाहीत. मी नोकरी सोडून परत आले आहे आणि तालुक्यातल्या एक-दोन शाळांमध्ये महिन्यातून काही दिवस मुलांना प्रयोग दाखवायला जाते. त्यातली बरीच मुलं घरी कोकणी किंवा मराठी बोलतात आणि शाळेत कन्नड शिकतात. कोकणी-मराठीतला कापूर कन्नडात ‘कर्पूर’ होतो, पण ओळखीचा तो सगळ्यांनाच असतो. एका कागदावर खडीसाखर, दुसऱ्यावर डांबरगोळी, तिसऱ्यावर कापराचा खडा, आणि हातात गुळगुळीत दगड. कापूर आणि डांबरगोळी तोंडात घालायची नाही आणि हात धुवायचे, हे आधी बजावते. मग मुलं एकेक करून दाबतात. काय फुटलं, काय दबलं ते स्वतः वहीत लिहितात. सांगायची घाई मी करत नाही. एकदा एका मुलानं विचारलं, “डबीत मिरी घातली की कापूर उडून जात नाही, असं आजी म्हणते. खरं का?” मी त्याला म्हटलं, दोन सारख्या डब्या घे, एकीत मिरी घाल, एकीत नको, दोन्ही वजन करून ठेव आणि पुढच्या महिन्यात मला सांग. आजीचं म्हणणं खरं की खोटं, हे तराजूला विचारायचं.

बावीस वर्षांच्या कामानं मला एक सवय लावली आहे, तीच या मुलांना द्यायची आहे. एखादी गोष्ट हलत नाही असं म्हणण्याआधी स्वतःला विचारायचं, मी किती वेळ पाहिलं, कशानं पाहिलं, आणि ज्या वेगाची हालचाल मी शोधत होते ती माझ्या साधनाला कळली असती का? हे तिन्ही विचारून झाल्यावरही उत्तर “हलत नाही” असंच आलं, तर खुशाल लिहावं. पण “मला हलताना दिसलं नाही” आणि “हलत नाही” ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं वाक्य लिहिण्यात कमीपणा नाही. बाबांनी कठड्यावर हात टेकवायला लावला तेव्हा ते मला हेच शिकवत होते, मला समजायला वेळ लागला.

आज संध्याकाळी दिवा लावाल तेव्हा कापराचा एक खडा क्षणभर बोटांत धरून पाहा. तो गार, कोरडा आणि निश्चल लागेल. त्यातला प्रत्येक रेणू मात्र आपली जागा धरून सेकंदाला अब्जावधी वेळा दिशा बदलत असतो, काडी ओढण्याच्या कितीतरी आधीपासून.